जलचक्राच्या चित्रात माणूस कुठे? : प्रकल्पाच्या नोंदी

१२ जानेवारी

गट दहा ते बारा वर्षांच्या मुलांचा. विषय: जलचक्र, आणि जगात पिण्याचं चांगलं पाणी कुणापर्यंत पोचतं, कुणापर्यंत नाही. हे दोन विषय एरवी दोन वेगवेगळ्या पुस्तकांत असतात, एक विज्ञानात आणि दुसरा भूगोलात किंवा नागरिकशास्त्रात. मला ते एकत्र शिकवायचे आहेत. का, ते आजच्या तासातच दिसलं.

काहीही न शिकवता कोरे कागद वाटले आणि जलचक्र काढायला सांगितलं. चित्रं झटपट आली आणि जवळपास सारखीच आली. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, वर सूर्य, मध्ये ढग, चार बाण. बाष्पीभवन, संघनन, पर्जन्य ही नावं बिनचूक. पण एकाही चित्रात विहीर नाही, धरण नाही, शेत नाही, नळ नाही. माणूस नाही. पुस्तकांत चित्रं अशीच छापलेली असतात, मुलांनी ती प्रामाणिकपणे लक्षात ठेवली आहेत. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी १२ देशांतली आणि शोधनिबंधांतली मिळून जलचक्राची ४५० हून अधिक चित्रं तपासली होती. त्यातल्या ८५ टक्के चित्रांत माणसाचा पाण्याशी काही संबंध आहे असं दिसतच नव्हतं. पाण्याचं प्रदूषण किंवा हवामानबदल दाखवण्याचा प्रयत्न जेमतेम २ टक्के चित्रांत होता.

चित्रं भिंतीवर लावली आणि विचारलं, "पाणी कधी संपेल का?"

"नाही! ते फिरून परत येतं."

"मग जगात कोट्यवधी लोकांना प्यायला चांगलं पाणी का मिळत नाही?"

सगळे गप्प. थोड्या वेळानं एक मुलगी म्हणाली, "ताई, तिकडे पाऊस पडत नसेल."

हे वाक्य फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहून भोवती चौकट काढली. प्रकल्प संपेपर्यंत ते पुसायचं नाही असं ठरलं. उत्तर बरोबर की चूक हे मी सांगितलं नाही. ते तपासायची साधनं आधी मुलांच्या हातात यायला हवीत.

१५ जानेवारी

आजचा प्रश्न: थंड बरणीवर बाहेरून थेंब येतात ते कुठून?

बरण्यांत पाणी आणि बर्फ घातला, पाण्यात लाल रंग मिसळला आणि झाकणं घट्ट लावली. काही मिनिटांत काच धुरकट झाली, मग बारीक थेंब जमले आणि एकमेकांत मिसळून खाली ओघळू लागले. निम्म्याहून अधिक मुलांचं ठाम मत, "काचेतून पाणी झिरपतंय." पांढऱ्या कागदानं थेंब टिपून घेतले. कागद पांढराच राहिला. लाल रंगाचा मागमूस नाही.

तरी एकजण हटेना. "रंग आत अडकत असेल, नुसतं पाणी बाहेर येत असेल." प्रश्न चांगला होता, त्याला तेवढंच चांगलं उत्तर द्यायला हवं होतं. दुसरी बरणी घेतली, बाहेरून कोरडी पुसली, झाकण लावलं आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवली. आतलं पाणी बाहेर येत असेल तर वजन तेवढंच राहील. हवेतून येत असेल तर वाढेल. सगळे काट्याभोवती गोळा झाले. आकडा बराच वेळ हलला नाही, मग एक ग्रॅमनं वर गेला आणि थोड्या वेळानं आणखी एकानं. हट्ट धरलेला मुलगाच सगळ्यांत आधी ओरडला, "वजन वाढलं! म्हणजे हवेतून आलं!"

हवेत न दिसणारं पाणी असतं हे मुलांना पाठ असतं, पण पटलेलं नसतं. आज काट्यानं पटवलं. ढग म्हणजे वाफ नव्हे, वाफ दिसत नाही, ढगात दिसतात ते बारीक थेंब किंवा बर्फाचे कण, हे लगेच जोडून घेता आलं. शिकवताना यापुढे चित्राआधी काटा.

१९ जानेवारी

खारं पाणी, ऊन आणि वाडगा. मोठ्या वाडग्यात मीठ आणि रंग घातलेलं पाणी, मध्ये रिकामी वाटी, वरून पारदर्शक प्लॅस्टिक ताणून बांधलेलं, वाटीच्या बरोबर वर एक खडा, म्हणजे प्लॅस्टिकला तिथे उतार येतो. दुपारपर्यंत प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला थेंब धरले आणि उतारावरून वाटीत पडू लागले. संध्याकाळी वाटीत तळ झाकेल एवढं पाणी जमलं होतं. भांडी स्वच्छ होती आणि पाणी पिण्याचंच घेतलं होतं, त्यामुळे एकेक थेंब जिभेवर ठेवून पाहता आला. खारट नाही, रंगही नाही.

समुद्र खारा असून पाऊस गोडा का, याचं उत्तर वाडग्यात समोर होतं. पण मुलांनी तिथून थेट पुढची उडी मारली: "मग समुद्राचं पाणी असं करून सगळ्यांना का देत नाहीत?" देतात. कुवेतमध्ये बारमाही नदी एकही नाही, आणि तिथे समुद्राचं पाणी मोठ्या संयंत्रांत तापवून, वाफ करून, ती थंड करून पिण्याचं पाणी बनवतात. मात्र वाफ करायला उष्णता फार लागते. पाणी अगदी गोठणबिंदूपासून उकळीपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचपटीहून अधिक उष्णता त्याच उकळत्या पाण्याची पूर्ण वाफ करायला लागते. जलचक्रात हे इंधन सूर्य फुकट देतो. संयंत्रात ते विकत घ्यावं लागतं. आता पडद्यामधून पाणी दाबून मीठ वेगळं करायची पद्धत जास्त वापरात आहे, तिला ऊर्जा कमी लागते, पण लागतेच.

कुवेतचं नाव फळ्यावरच्या चौकटीखाली लिहून ठेवलं. तिथे पाऊस जवळजवळ नाही, पाणी मात्र घरोघरी आहे. मुलांच्या लक्षात आलं असावं, कुणी बोललं नाही.

बाहेरच्या झाडाच्या फांद्यांना पारदर्शक पिशव्या बांधून ठेवल्या होत्या. त्यांत पानांनी सोडलेलं पाणी जमलं. याबद्दल जास्त लिहीत नाही, प्रयोग नेहमीचा आहे आणि नेहमीप्रमाणे छान झाला.

२३ जानेवारी

फाशांचा खेळ. खोलीत ठिकाणं मांडली: ढग, नदी, तलाव, माती, झाड, भूजल, हिमनदी, समुद्र, प्राणी. प्रत्येक मूल म्हणजे एक थेंब. फासा टाकायचा आणि त्या ठिकाणच्या तक्त्यात जे लिहिलंय तिकडे जायचं किंवा तिथेच थांबायचं.

पाचेक फेऱ्यांतच समुद्रात गर्दी झाली. हिमनदीतले दोघं वैतागले, "ताई, आम्ही कधीपासून इथेच आहोत!" हेच हवं होतं. चित्रातल्या बाणांमुळे सगळं पाणी सारख्याच गतीनं गोल फिरतंय असं वाटतं. प्रत्यक्षात हवेतला थेंब सरासरी नऊएक दिवसांत खाली येतो, नदीतलं पाणी सरासरी दोन-तीन आठवड्यांत पुढे निघून जातं, समुद्रात गेलेल्या थेंबाला बाहेर पडायला सरासरी तीनेक हजार वर्षं लागतात, आणि खोल भूजल हजारो वर्षं जागचं हलत नाही. खोल भूजल उपसलं तर ते परत भरायला किती पिढ्या जातील हे वेगळं समजावून द्यावं लागलं नाही.

एका मुलीनं विचारलं, "या खेळात नळ का नाही?" पुढच्या वेळी तिनं आणि तिच्या मैत्रिणीनं नवी ठिकाणं तयार करून आणायची असं ठरलं: नळ, शेत, कारखाना, सांडपाणी शुद्धीकरण केंद्र. फाशाचे तक्तेही त्यांनीच बनवायचे.

२९ जानेवारी

आजचा तास या प्रकल्पातला सगळ्यांत महत्त्वाचा, म्हणून सविस्तर.

एक लिटर पाणी म्हणजे पृथ्वीवरचं सगळं पाणी, असा प्रयोग बऱ्याच ठिकाणी करतात. आम्हीही केला. पृथ्वीवर एकूण पाणी साधारण १३८.६ कोटी घन किलोमीटर. त्यातलं गोडं पाणी २.५ टक्के, म्हणजे लिटरमधलं २५ मिलिलिटर. सिरिंजनं ते वेगळं काढलं. त्यातलं सुमारे १७ मिलिलिटर हिमनद्या आणि ध्रुवांवरच्या बर्फात, ते शीतकपाटात गेलं. साडेसात मिलिलिटर जमिनीखाली, ते वाळूच्या वाटीत ओतलं. उरलेल्यात जमिनीतला गोठलेला ओलावा, माती, हवा, दलदल. जगातल्या सगळ्या गोड्या तलावांचं पाणी मिळून या लिटरमध्ये जेमतेम सव्वा थेंब भरतं. नद्यांचं पाणी थेंबाचा तिसावा भाग, ते ड्रॉपरनं दाखवताही येत नाही.

मुलं त्या एका थेंबाकडे बघत राहिली. पुष्कळ ठिकाणी हा प्रयोग इथेच थांबतो आणि "म्हणून पाणी जपून वापरा" असं सांगून संपतो. मला तिथे थांबणं धोक्याचं वाटतं. जपून वापरायलाच हवं. पण हा थेंब पाहून मुलाच्या मनात बसतं ते असं: पाणी जगातच इतकं थोडं आहे की सगळ्यांना पुरणारच नाही, काहींना मिळणार नाही हे ओघानंच आलं. आणि हे खोटं आहे.

म्हणून पुढचं गणित मुलांकडून करून घेतलं. नद्यांत कुठल्याही क्षणी साधारण २,१२० घन किलोमीटर पाणी असतं. पण वर्षभरात जमिनीवरून समुद्राकडे वाहून जातं ते सुमारे ४०,००० घन किलोमीटर. भागाकार केला तर १९ च्या आसपास उत्तर येतं. म्हणजे नद्यांमधलं पाणी वर्षातून जवळपास १९ वेळा नव्यानं भरतं. थेंब लहान आहे, पण तो सतत भरला जातो आहे. जलचक्राचं काम नेमकं हेच.

मग दुसरी बाजू. पिणं, स्वयंपाक, अंघोळ, धुणं आणि स्वच्छता यांसाठी माणशी रोज ५० लिटर धरलं. जगाची लोकसंख्या ८०० कोटी धरली. ८०० कोटी गुणिले ५०, म्हणजे रोजचे ४०,००० कोटी लिटर. एक घन किलोमीटरमध्ये एक लाख कोटी लिटर बसतात, तेव्हा रोजचे ०.४ घन किलोमीटर. वर्षाचे १४६.

फळ्यावर दोन आकडे शेजारी लिहिले: ४०,००० आणि १४६.

शांतता. मग एक मुलगा, जो एरवी फारसा बोलत नाही, म्हणाला, "हे तर काहीच नाही." हजारात चार भागांहूनही कमी. "मग बाकीचं कुठे जातं?" माणूस नद्या, तलाव आणि भूजलातून वर्षाला एकूण ४,००० घन किलोमीटरच्या आसपास पाणी उचलतो आणि त्यातलं सुमारे ७० टक्के शेतीला जातं. अन्न पिकवायला पाणी लागतंच, त्यात गैर काही नाही. पण घरोघरी लागणारं पाणी या सगळ्यात किती थोडं आहे ते दिसलं.

इथे एक गोष्ट सांभाळावी लागली. ४०,००० हा आकडा सगळ्या जगाचा आणि सगळ्या वर्षाचा मिळून आहे. त्यातलं बरंचसं पुरात वाहून जातं, बरंचसं माणूस राहत नाही अशा भागांत पडतं. ठरावीक ठिकाणी, ठरावीक महिन्यांत पाण्याची टंचाई खरी असते आणि हवामानबदलामुळे ती वाढते आहे. हे सांगितलं. पण जगात प्रत्येक माणसाला पुरेल एवढं घरगुती पाणी आहे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितलं.

फळ्यावरच्या चौकटीकडे बोट दाखवून विचारलं, "पाऊस पडत नसेल, हे उत्तर अजून पुरेसं वाटतं?" काही माना हलल्या, काही नाही. मग काँगो नदीची गोष्ट सांगितली. वाहणाऱ्या पाण्याच्या प्रमाणात ॲमेझॉनखालोखाल जगातली सगळ्यांत मोठी नदी. तिच्या खोऱ्यात धो धो पाऊस पडतो. आणि लोकशाही प्रजासत्ताक काँगोमध्ये अर्ध्याहून अधिक लोकांना पिण्याच्या पाण्याची अगदी प्राथमिक सोयसुद्धा नाही. कुवेतच्या खाली काँगो लिहिलं. एकीकडे पाऊस नाही आणि पाणी आहे, दुसरीकडे पाऊस आहे आणि पाणी नाही.

"मग मध्ये काय अडतं?" असा प्रश्न मुलांकडून आला. मला तो विचारावा लागला नाही.

३ फेब्रुवारी

छोटा तास, एकच गोष्ट. नद्यांचं पाणी पावसातूनच येतं हे आज उघड वाटतं. पण कित्येक शतकं युरोपातल्या विद्वानांना वाटायचं की एवढ्या मोठ्या नद्यांना पाऊस पुरणारच नाही, समुद्राचं पाणी जमिनीखालून डोंगरात चढत असणार. १६७४ साली पिएर पेरो या फ्रेंच माणसानं सीन नदीच्या उगमाकडच्या भागात पडणारा पाऊस आणि नदीतून वाहणारं पाणी यांचा हिशेब मांडला. पाऊस नदीच्या सुमारे सहापट निघाला.

मुलांना आवडलं ते हे की त्यानंही गुणाकारच केला होता.

६ फेब्रुवारी

मध्ये काय अडतं, याचा पहिला भाग: अंतर.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ मिळून जगातल्या पाणीपुरवठ्यावर लक्ष ठेवतात. त्यांनी पायऱ्या ठरवल्या आहेत. त्या खडूनं जमिनीवर आखल्या. सगळ्यांत वरच्या पायरीवर: पाणी घरात किंवा आवारात, लागेल तेव्हा मिळणारं आणि दूषित नसलेलं. तिन्ही अटी एकदम पुऱ्या व्हायला हव्यात. त्याखाली: सुरक्षित बांधणीचा स्रोत आहे, पण जाऊन, रांगेत थांबून, घेऊन येईपर्यंत अर्ध्या तासाच्या आत. त्याखाली तोच स्रोत, पण अर्ध्या तासाहून जास्त. मग उघडी विहीर किंवा संरक्षण नसलेला झरा. सगळ्यांत खाली: थेट नदी, तळं, ओढा. २०२४ सालच्या आकड्यांप्रमाणे जगात सुमारे २१० कोटी लोक वरच्या पायरीपर्यंत पोचलेले नाहीत, आणि त्यातले १०.६ कोटी अगदी तळच्या पायरीवर आहेत.

एक मुलगा वरच्या पायरीवर उभा राहिला आणि म्हणाला, "नळ आहे, पण दोन दिवसांनी येतो. मग मी कुठे?" खाली. "नळ आहे, रोज येतो, पण पाणी गढूळ येतं?" तरीही खाली. मुलं बराच वेळ अशा परिस्थिती रचून वर-खाली उड्या मारत होती. आकडेवारी शिकवायचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

मग मैदानात पाच लिटरचे कॅन. वीस लिटरचा कॅन मुलांना उचलू दिला नाही, फक्त जमिनीवरून जरा हलवून पाहू दिला. वीस लिटर म्हणजे वीस किलो. पाच लिटर घेऊन मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. पहिल्या फेरीत सगळे पळत होते. तिसऱ्या फेरीत हात बदलणं सुरू झालं, मग कॅन पोटाशी धरणं, मग खाली ठेवून बोटं चोळणं. एका मुलीनं तळहात उघडून दाखवला: बोटांच्या मुळाशी कॅनच्या मुठीचा आडवा लाल वळ.

आत आल्यावर सांगितलं की ज्या घरांच्या आवारात पाणी नाही, अशा दहापैकी सात घरांत पाणी आणायचं काम मुख्यतः बायका आणि मुलींवर असतं. तो वळ दाखवणारी मुलगी म्हणाली, "आणि शाळा?" तिनं स्वतःच उत्तर दिलं, "उशीर होत असणार. किंवा जातच नसतील."

१२ फेब्रुवारी

दुसरा भाग: गुणवत्ता. बाटली उलटी करून गाळणी: तळाशी कापूस, त्यावर कोळसा, बारीक वाळू, जाड वाळू, खडे. वरून डबक्याचं गढूळ पाणी. खालून निघालं ते जवळजवळ नितळ. मुलं खूश, एकानं तर लगेच प्यायची तयारी दाखवली. गाळलेलं पाणी कुणीही तोंडाला लावायचं नाही हा नियम आधीच सांगितला होता, आता कारण दाखवायची वेळ होती.

पाण्यात विष्ठेतून येणारे जिवाणू आहेत का, याचा अंदाज देणारी एक सोपी तपासणी आहे. बाटलीत रसायन लावलेली कागदाची पट्टी असते, त्यात पाणी भरून उबदार जागी ठेवायचं. ते जिवाणू असतील तर हायड्रोजन सल्फाइड तयार होतो आणि पाणी काळं पडतं. तीन बाटल्या भरल्या: डबक्याचं पाणी, आमच्या गाळणीतलं नितळ पाणी, आणि क्लोरीन टाकून अर्धा तास ठेवलेलं नितळ पाणी. मुलांनी अंदाज लिहून ठेवले. बहुतेकांच्या मते फक्त पहिली काळी होईल.

१४ फेब्रुवारी

पहिली बाटली काळी. दुसरीही काळी, शाईसारखी. तिसरी जशीच्या तशी.

दुसऱ्या बाटलीपुढे मुलं जास्त वेळ थांबली. "पण हे तर स्वच्छ दिसत होतं." ती बाटली टेबलाच्या मधोमध ठेवली आणि शेजारी गाळलेल्या पाण्याचा नितळ पेला.

१९ फेब्रुवारी

दुसऱ्या बाटलीचाच धागा धरून दोन गोष्टी.

पहिली लंडनची, १८५४ सालची. ब्रॉड स्ट्रीटच्या परिसरात पटकीची साथ आली आणि थोड्याच दिवसांत शेकडो माणसं गेली. हवेतल्या दुर्गंधीमुळे रोग होतो असं बहुतेकांना वाटत होतं. डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू कुठे झाले ते घरोघर विचारून शोधलं आणि बोट ठेवलं एका हातपंपावर. नकाशाच्या प्रती मुलांना दिल्या आणि ठिपक्यांवरून पंप शोधायला लावला, सापडायला वेळ लागला नाही. मग अपवाद दिले: दूर हॅम्पस्टेडमध्ये राहणारी एक बाई याच साथीत गेली, तिथे दुसरं कुणी आजारी नव्हतं. तिला या पंपाच्या पाण्याची चव आवडायची, म्हणून ती ते मुद्दाम मागवत असे. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला. साथ तोवर ओसरू लागली होती, हेही सांगितलं, कारण गोष्ट रंगवण्यासाठी खरं झाकायचं नाही.

दुसरी बांगलादेशची. तिथे तळ्यांच्या दूषित पाण्यामुळे मुलं अतिसारानं दगावत, म्हणून १९७० नंतरच्या काळात मोठ्या प्रमाणावर कूपनलिका खोदल्या गेल्या. पाणी नितळ, जंतूही नाहीत. पण पुष्कळ ठिकाणी त्या थरांतल्या मातीत नैसर्गिकरीत्या आर्सेनिक होतं, ते पाण्यात उतरत होतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. १९९० च्या दशकात ते उघड झालं. मग विहिरी तपासून तोंडाला रंग दिले गेले: आर्सेनिक जास्त असेल तर लाल, कमी असेल तर हिरवा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे लिटरला १० मायक्रोग्रॅम.

"उकळलं तर?" आर्सेनिक उकळून जात नाही, उलट पाणी आटल्यावर त्याचं प्रमाण वाढतं. वाडग्यातलं मीठ मागे राहिलं होतं ते मुलांना आठवलं. जंतूंसाठी उकळणं आणि क्लोरीन, गाळासाठी गाळणी, आर्सेनिकसाठी तिसरंच काहीतरी, हे एकदा डोक्यात गेलं की "शुद्ध पाणी" म्हणजे एकच गोष्ट नव्हे हे कळतं. तपासल्याशिवाय उपाय ठरत नाही.

२६ फेब्रुवारी

तिसरा भाग, ज्याबद्दल मुलांच्या पुस्तकांत जवळपास काहीच नसतं: देखभाल. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत कुठल्याही वेळी साधारण चारातला एक हातपंप बंद असतो असा अंदाज आहे. पंप बसवताना समारंभ होतो. वॉशर झिजल्यावर तो कुणी आणायचा, पैसे कुणी द्यायचे, दुरुस्ती येतं कुणाला, हे ठरलेलं नसेल तर पंप तसाच उभा राहतो.

मुलांना गटांत वाटून काम दिलं: एका काल्पनिक वस्तीचा पंप बंद पडलाय, पुढचे सहा महिने कसे काढाल? एका गटानं दर घरामागे वर्गणी ठरवली. दुसऱ्यानं विचारलं, ज्यांना देता येत नाही त्यांचं काय? वाद चांगलाच रंगला. तेव्हा सांगितलं की २८ जुलै २०१० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं सुरक्षित पिण्याचं पाणी आणि स्वच्छतेची सोय हा मानवी हक्क असल्याचं मान्य केलं. १२२ देश बाजूनं, विरोधात कुणी नाही, ४१ तटस्थ. "हक्क आहे, तर फुकट मिळायला हवं का?" यावर एकमत झालं नाही. मीही ते घडवून आणायच्या फंदात पडले नाही. पाणी सगळ्यांना परवडेल अशा दरात मिळालं पाहिजे आणि दुरुस्तीचा खर्चही निघाला पाहिजे, इथवर दोन्ही बाजू आल्या, हे पुष्कळ झालं.

५ मार्च

प्रदर्शन २२ मार्चला, जागतिक जल दिनी. १९९३ पासून हा दिवस पाळतात. तयारी सुरू.

एका सहकाऱ्यानं सुचवलं, तहानलेल्या मुलांचे मोठे फोटो लावू, लोक थांबून बघतात. मी नको म्हटलं आणि त्यावर ठाम आहे. त्या फोटोत मूल कुणाचं, कुठलं, त्याला विचारलं होतं का, काहीच नसतं. पाहणाऱ्याला दया येते आणि विषय तिथेच मिटतो. आमच्या मुलांना कीव शिकवायची नाही. अडतं कुठे आणि सुटतं कसं, हे शिकवायचंय.

फोटोंच्या जागी नारूचा तक्ता लावायचा ठरला. नारूचा जंतू दूषित पाण्यातल्या सूक्ष्म जलपिसवांमधून पोटात जातो आणि वर्षभरानं लांब किडा होऊन कातडीतून बाहेर येतो. त्यावर लस नाही, किडा मारणारं औषध नाही. १९८६ साली जगात वर्षाला अंदाजे ३५ लाख लोकांना तो व्हायचा. अलीकडे वर्षाला पंधराच्या आसपास रुग्ण. हे साधलं ते पाणी बारीक कापडातून गाळून, ज्याच्या अंगातून किडा निघतोय त्याला तळ्यात उतरू न देऊन, आणि गावागावांत जाऊन हे समजावून सांगणाऱ्या माणसांमुळे. कुत्र्यांमध्ये हा रोग आढळू लागल्यानं शेवटचा टप्पा लांबला आहे, तेही तक्त्यावर आहे.

जलपिसू भिंगाखाली दाखवायची मुलांची इच्छा आहे. तळ्याच्या पाण्यात साध्या भिंगातून त्यांच्या उड्या दिसतात. निरुपद्रवी जातींचीच बशी ठेवू, हात न लावण्याची सूचना चिकटवून.

१३ मार्च

जलचक्राचं मोठं चित्र मुलांनी नव्यानं काढलं, भिंतभर. धरण आहे, उपसा करणारे पंप आहेत, शेतातून वाहून नदीत जाणारं खत आहे, शुद्धीकरण केंद्र आहे. पंप दुरुस्त करणारी बाई पाना घेऊन वाकलेली आहे. एक बाण नळाकडून गटाराकडे आणि तिथून परत नदीकडे जातो, तो काढताना "म्हणजे खालच्या गावाला आपलं पाणी जातं" हे एका मुलानं मोठ्यानं म्हटलं, आणि मग त्या बाणावर शुद्धीकरण केंद्र आणखी मोठं करून काढलं.

चौकटीतल्या वाक्याचं काय करायचं यावर मतदान झालं. पुसायचं नाही, पुरं करायचं, असं ठरलं. आता तिथे आहे: "तिकडे पाऊस पडत नसेल, किंवा पडत असेल पण नळ, पैसे, दुरुस्ती आणि तपासणी नसेल." "किंवा कुणी ऐकत नसेल" हे जोडायचं की नाही यावर अजून चर्चा चालू आहे.

प्रदर्शनात फाशांचा खेळ दारातच, नळ-शेत-कारखाना यांच्या नव्या ठिकाणांसह. एक लिटरच्या प्रयोगाच्या टेबलावर ४०,००० आणि १४६ चे आकडे ठळक लावायचे आणि ते गणित समजावून सांगू शकेल असं कुणीतरी तिथे पूर्ण वेळ हवं. ज्या मुलानं "हे तर काहीच नाही" म्हटलं होतं त्यानं ते काम मागून घेतलंय. काळ्या पडलेल्या बाटल्या झाकणं सीलबंद करूनच मांडायच्या. संध्याकाळी ब्लीचिंग पावडरच्या तीव्र द्रावणानं निर्जंतुक करून मगच टाकायच्या. ते मी करेन, मुलांनी नाही. नव्या बाटल्या २० तारखेला भराव्या लागतील, म्हणजे २२ च्या सकाळी निकाल तयार असेल. क्लोरीन आणून ठेवणं बाकी आहे.